सिरीलचे पाच गुण

बुधवार, २२ मे

तुझं नाव वरून पाचवं आहे. आठ डॉक्टरांची यादी, आणि पाचव्या ओळीत डॉ. लीझलोट व्हेराख्तर्ट. मला आधी वाटलं चष्मा खोटं बोलतोय, म्हणून खिडकीशी जाऊन पुन्हा वाचलं. हे आडनाव लावणारी डॉक्टर आमच्या घराण्यात एकच आहे आणि तिला नाक शिंकरायला मी शिकवलंय.

नमस्कार-चमत्कार मागाहून. आधी हा कागद बघ.

कागद हिल्डाने आणला. महिन्याला येऊन सिरीलची गोळ्यांची डबी तपासते, ती नर्स. आज दारातच उभी राहिली, तोंड असं की हिनेच आमचं दूध नासवलंय. म्हणाली, "फिलोमेनाबाई, बसून वाचा." मी उभ्यानेच वाचला. एक जुलैपासून सिरीलला आमच्या घरातून काढून म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवायचं. एकतीस वर्षं इथे राहिलेला माणूस. कारण काय, तर त्याचं डोकं पुन्हा बिघडत चाललंय आणि "सांभाळणारी स्त्री, वय ७९" हिच्या ते आवाक्याबाहेर आहे. ती स्त्री म्हणजे मी. अजून बटाट्याची गोणी एकटी ओढते.

मी विचारलं, गेंटच्या डॉक्टरांचा आमच्या सिरीलशी काय संबंध? हिल्डाने समजावलं. तुम्ही मनाचे डॉक्टर म्हणे वर्षातून चार वेळा संध्याकाळी एकत्र बसता. कुठल्या तरी रोग्याचा कागद येतो, नावगाव खोडलेला. तो वाचायचा, चर्चा करायची, मत द्यायचं. याला तुमचं पुढचं शिक्षण म्हणतात, त्याचे गुण मिळतात आणि ते पुरेसे नसले तर तुमचा दर्जा जातो. डॉक्टर झाल्यावरही तुम्हाला शाळा सुटत नाही हे ऐकून बरं वाटलं. पण तुमची वही तपासतं कोण?

आता तू ज्याला हात वर केलास ते वाच, कारण त्या संध्याकाळी तू वाचलं नसणार. आमच्याकडच्या नव्या डॉक्टरीणबाई, आनेलोर तिरी, न सांगता घरी येऊन लिहून गेल्या ते असं: "अकरा ते एक, बाकावर निश्चल बसून आभाळाकडे एकटक पाहतो. हाक मारली तरी उत्तर नाही. हातात पत्र्याचा डबा, तो मधूनच खुळखुळवतो. समोर नसलेल्या स्त्रीला 'ये गं ब्लाउके, ये' असं आर्जवाने बोलावतो. रस्त्यावर मोटारीचा हॉर्न वाजताच अत्यंत क्षुब्ध."

लीझलोट. ब्लाउके कोण? तुझ्या लहानपणापासून सिरीलच्या दर निळ्या कबुतरीचं नाव.

या बाई ब्रसेल्सला सातव्या मजल्यावर वाढल्या. त्यांनी कबुतर पाहिलं असेल ते खिडकीच्या पट्टीवर घाण करताना. शर्यतीच्या दिवशी, पाखरं फ्रान्सातून सुटल्याचं रेडिओने सांगितल्यावर, कबुतरवाला आभाळाकडे बघत नाही तर काय चुलीकडे बघतो? पाखरू छपरावर येऊन बसतं आणि ढाबळीत शिरत नाही, एकेक मिनिट जातं आणि शर्यत हातची जाते, तेव्हा डबा खुळखुळवतात, लाडीगोडी लावतात, आणि कोणी हॉर्न वाजवला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. हे तुला कळत नव्हतं? सहा वर्षांची असताना ऐन वेळी शिंकलीस म्हणून सिरील तुझ्याशी बुधवारपर्यंत बोलला नव्हता.

हिल्डाने सांगून पाहिलं की तो कबुतरं पाळतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छंद वेगळा, लक्षण वेगळं. आणि आता आठ जणांचं एकमत झालंय.

बाई आल्या तेव्हा मी चर्चला गेले होते. नाहीतर तिथेच सांगितलं असतं.

मत मागे घे. एक जुलैला फार दिवस नाहीत.

आजी

---

मंगळवार, ४ जून

तुझं उत्तर आलं. टाईप केलेलं. वर दवाखान्याचं चित्र, खाली तुझी सही, आणि तीसुद्धा अशी की कोंबडीने पाय पुसले.

तू म्हणतेस, कागदावर नाव नव्हतं, तो सिरील आहे हे तुला माहीत नव्हतं. खरं धरते. तू म्हणतेस, आता कळलं तर घरचा मामला म्हणून तुला मध्ये पडता येत नाही. हेही धरते, तुमचे नियम तुम्हाला लखलाभ. पण पुढे म्हणतेस, "भावना बाजूला ठेवून पाहिलं तर निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही." आभाळाकडे बघणारा, डबा वाजवणारा, ब्लाउकेला हाका मारणारा माणूस जगात किती असतील गं? भावना बाजूला ठेव. स्मरणशक्ती कुठे ठेवलीस?

मी सांगते कुठे ठेवलीस. नऊ वर्षांपूर्वी, डॉक्टर झालीस त्या पार्टीत, गेंटला.

सिरीलने दोन दिवस पँटला इस्त्री केली होती. तुला सायकल त्याने शिकवली. तुझा बाप ट्रक घेऊन पोलंडला जायचा आणि आई निघून गेली होती, तेव्हा शाळेच्या फाटकाशी रोज चार वाजता हाच उभा असायचा. पार्टीत तुझ्या कुठल्याशा प्राध्यापकाने विचारलं, "हे कोण?" तू म्हणालीस, "आजीकडे कामाला असतात." मी शेजारीच होते. सिरीलही होता. त्याने हातातला ग्लास ठेवला, टेबलावरच्या उष्ट्या ताटल्या गोळा केल्या आणि स्वयंपाकघरात नेल्या. सगळी संध्याकाळ तो ताटल्या उचलत होता. त्याला वाटलं, तू काम सांगितलंस. गाडीत मला म्हणाला, "लीझलोटचं बरं चाललंय. पाहुणे खूप होते."

दवाखाना ज्याला आमच्या गावात कोणाच्या घरी राहायला ठेवतो, त्याला वेडा म्हणत नाहीत, नोकरही म्हणत नाहीत. पाहुणा म्हणतात. एकतीस वर्षं राहिला तरी पाहुणाच. माझ्या आईकडे दोन होते, तिच्या आईकडे एक. त्याला काय झालंय हे दवाखानेवाले घरवाल्यांना सांगत नाहीत आणि घरवाले विचारत नाहीत. सिरीलला काय झालंय मला आजतागायत माहीत नाही. सूप खारट करतो एवढं माहीत आहे. तुला हे सगळं ठाऊक होतं, पण सुशिक्षित लोकांत सांगायला लाज वाटली. त्यानंतर तू आली नाहीस आणि मी बोलावलं नाही. त्यात माझाही हट्ट आहे. असू दे.

आता कामाचं. पंधरा जूनला, शनिवारी, इथल्या दवाखान्याच्या सभागृहात तुमच्या लोकांची शिक्षणाची मोठी बैठक आहे. साठ डॉक्टर, दिवसभर, पाच गुण. विषय "घरी राहणाऱ्या वृद्ध रुग्णाचं निरीक्षण". शेवटी दहा मिनिटं एका पाहुणेवालीने बोलायचं, आणि हिल्डाने माझं नाव दिलंय. काय बोलायचं म्हटलं तर म्हणे मायेवर. मी म्हटलं, मायेवर मला बोलता येत नाही, मी बटाट्यावर बोलेन. ती म्हणाली, "काहीही बोला, पण या. मोठे डॉक्टर हेलिंक्स असणार आहेत. एक जुलैच्या कागदावर शेवटची सही त्यांची व्हायचीय."

यादीत तुझंही नाव आहे, हिल्डाने पाहिलंय. ये. पहिल्या रांगेत बस, म्हणजे मला चष्म्याशिवाय दिसशील.

आजी

---

सोमवार, १७ जून

तू आली नाहीस. तुझा बिल्ला दारातल्या टेबलावर शेवटपर्यंत पडून होता. ते बरंच झालं, का ते पुढे सांगते. आज माझा मूड चांगला आहे, तेव्हा सुरुवातीपासून सांगते, आणि तू सगळं वाचायचंस.

सिरीलला घेऊन गेले. कोणी बोलावलं नव्हतं त्याला. त्याने तीच पँट घातली, पार्टीची. दाराशी एक मुलगी यंत्र घेऊन बसलेली. प्रत्येकाच्या गळ्यात बिल्ला, तो यंत्रापुढे धरला की टीं वाजतं आणि हजेरी लागते. जातानाही टीं. मध्येच पळून गेलात तर गुण नाहीत. शाळेत आमची बाई तरी छडी ठेवायची.

"बिल्ल्याशिवाय आत सोडता येणार नाही," ती सिरीलला म्हणाली. मान मोबाईलमध्ये.

मी टेबलावरून तुझा बिल्ला उचलला आणि त्याच्या गळ्यात घातला. टीं.

"या डॉक्टर," ती म्हणाली. वर बघितलंच नाही. माणसाकडे न बघायचा त्यांच्याकडे सगळ्यांनाच सराव आहे असं दिसतं.

तर सिरील दिवसभर डॉ. लीझलोट व्हेराख्तर्ट होता. शेवटच्या रांगेत बसला, एकदाही झोपला नाही, हे त्या साठांपैकी फार जणांबद्दल म्हणता येत नाही. दुपारी पावाचे रोल होते, चीजचे आणि अंड्याचे. ऑस्टेंडकडचा एक उंच डॉक्टर रोल खाता खाता त्याला आपल्या एका रोग्याची कहाणी सांगत बसला, पंधरा मिनिटं. सिरील म्हणायचा, "हं. आणि मग?" तो उंच डॉक्टर नंतर माझ्यापाशी म्हणाला, "हे तुमच्या ओळखीचे? इतकं शांतपणे ऐकून घेणारा सहकारी मला कित्येक वर्षांत भेटला नव्हता."

मी म्हटलं, "आमच्याकडेच असतात."

मग तिरीबाई व्यासपीठावर आल्या. आणि पडद्यावर काय लावलं? आमचाच कागद. आता त्याला "श्री. क." म्हणत होत्या. बाक, आभाळ, डबा, नसलेली स्त्री. बाईंनी सांगितलं, हे उदाहरण गेंटच्या गटापुढे ठेवलं होतं आणि तिथे एकमताने हलवायचं ठरलं. मग सभेला विचारलं, तुमचं काय मत? हात वर झाले, लीझलोट. मी वळून मोजायला लागले आणि सोडून दिलं. जवळजवळ सगळे. शेवटच्या रांगेत सिरील हात मांडीवर ठेवून बसला होता. तो पडद्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.  मला राग आला, आणि राग मला मानवतो.

मला बोलावलं. डॉक्टर हेलिंक्स स्वतः हात द्यायला आले, मी म्हटलं पायरी दिसते मला. पर्समधून डबा काढून टेबलावर ठेवला. आपला कॉफीचा डबा, आत वाळलेले मटार.

मी म्हटलं, "मायेवर बोलायला सांगितलंय. त्याआधी या बाईंना एक विचारते. तुम्ही त्या माणसाकडे गेलात तो वार कोणता?"

तिरीबाई म्हणाल्या, "तारीख-वार काढून टाकलेत, आजी. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून."

"अहो, ओळख पटायलाच हवी होती. वार सांगा."

"रविवार."

"महिना?"

"मे. पाच मे."

तिसऱ्या रांगेत एक पोट सुटलेला म्हातारा डॉक्टर होता, मेखेलेनकडचा. तो आधी खोकल्यासारखा आवाज करायला लागला, मग रुमाल तोंडाशी धरला, मग खांदे हलायला लागले. "अकरा ते एक," तो म्हणाला. "अरे देवा. पाच मे. कुठून सुटली होती? न्वायों की ऑर्लेआं?"

"ऑर्लेआं," शेवटच्या रांगेतून आवाज आला. "सकाळी सव्वासातला. वारा समोरून होता."

सगळे वळले. सिरील उभा राहिला होता, छातीवर तुझं नाव.

मी डबा उचलला आणि खुळखुळवला, जोरात, पाखराला खाली बोलावताना वाजवतात तसा. आणि मी कबुतरांची शपथ घेऊन सांगते, साठातल्या वीस-पंचवीस माणसांनी माना वर करून छताकडे पाहिलं. खेड्यांतून वाढलेली सगळी. कोणाचा बाप कबुतरवाला, कोणाचा काका. आपण काय केलं ते त्यांना माना वर गेल्यावर कळलं.

मी म्हटलं, "आता यांना कुठल्या संस्थेत हलवायचं?"

असा हशा मी चर्चच्या जत्रेतही ऐकला नव्हता. मेखेलेनवाला डोळे पुसत होता. तिरीबाई मात्र हसल्या नाहीत. पांढऱ्याफटक पडल्या आणि सिरीलला म्हणाल्या, "पण मी तुम्हाला दोनदा हाक मारली होती. तुम्ही वरच बघत होतात."

सिरील म्हणाला, "खाली बघून कबुतर दिसत नाही, बाई."

हे त्याने इतक्या सभ्यपणे सांगितलं की कोणी हसलं नाही.

आता ते सांगते, जे तुला पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. मी तिथेच थांबले असते तर जिंकले असते. पण बाई सरळ बोलत होत्या, आणि सरळ माणसापुढे मला खोटं रेटता येत नाही. मी त्या रविवारी चर्चला गेले नव्हते. माडीवर पलंगात पडून होते. गुरुवारी तळघराच्या पायऱ्यांवरून खाली आले होते, पायांनी नव्हे. सिरीलने मला वर आणलं. पाठीवर, बटाट्याच्या गोणीसारखं. तीन दिवस सूप त्याने केलं, मला न्हाणीघरापर्यंत धरून नेलं आणि तोंड भिंतीकडे करून उभा राहिला. मी त्याला बजावलं होतं: दवाखान्यातलं कोणी आलं तर तोंड उघडायचं नाही, नाहीतर म्हणतील म्हातारी पडायला लागली. बाईंनी हाक मारली तेव्हा तो कबुतर बघत होता हे खरं. पण कबुतर नसतं तरी तो बोलला नसता. मी गप्प बसवलं होतं.

हे मी साठ डॉक्टरांपुढे सांगितलं. सांगताना वाटत होतं, फिलोमेना, तू स्वतःच्या हाताने दार बंद करतेयस.

 मग तिरीबाईंनी कागद उचलला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी लिहिलं की घरात देखरेख नाही. देखरेख होती. ती कोण कोणाची करतंय हे मी विचारलंच नाही. आणि नाव खोडताना वारही खोडला." कोवळी आहे, पण हाडाची आहे. मला आवडली. तू तिच्या जागी असतीस तर टाईप करून पाठवलं असतंस.

एक चष्मेवाला उठला. "आजी, एवढ्या वर्षांत तुम्ही नेमकी कुठली पद्धत वापरली?"

"बटाटे सोलायला दिले."

"आणि त्याने नाही सोलले तर?"

"तर मी सोलते. तुमच्या घरी काय करतात?"

तो लिहून घेत होता, बघ. "बटाटे" असं लिहून खाली रेघ मारली.

डॉक्टर हेलिंक्स उठले आणि म्हणाले की हा कागद ते आजच मागे घेतायत, आणि यापुढे या गावात कोणाच्याही घरी निरीक्षणाला जाताना सोबत गावातलं कोणीतरी असेल आणि वार कागदावर राहील. मला म्हणाले, "एक अट आहे आजी. सकाळी दोन तास मदतनीस येईल. तळघरात तुम्ही उतरायचं नाही." मी म्हटलं बघू. ते म्हणाले, "बघू नाही." मग मी मान हलवली. आज सकाळी हिल्डाने सहीचा कागद आणला. सिरील इथेच. सांभाळणारीच्या जागी माझं नाव, आणि त्याखाली, हिल्डाच्या अक्षरात, "एकमेकांना". तो शब्द मी तिला दोनदा वाचायला लावला.

संपलं नाही. काल रविवार होता, पुन्हा ऑर्लेआं. साडेदहाला तिरीबाई दारात हजर, हातात तांदळाचा केक. मागे मेखेलेनवाला, त्याच्यामागे तो ऑस्टेंडचा उंच, इतक्या लांबून! सिरीलने तिघांना बाकावर ओळीने बसवलं आणि सांगितलं, "शिंकायचं नाही." दोन तास तीन मनाचे डॉक्टर आभाळाकडे बघत निश्चल बसले. मी खिडकीतून पाहत होते, मला कागद-पेन्सिल घ्यावीशी वाटली. बारा वाजून एकोणीस मिनिटांनी ब्लाउके आली. छपरावर बसली. उंचाचा फोन वाजायला लागला, त्याने तो बाहेर काढून त्यावर बसकण मारली. तिरीबाईंनी डबा मागितला. सिरीलने दिला! शर्यतीच्या वेळी मला एकतीस वर्षांत दिला नाही. बाईंनी खुळखुळवला आणि आपल्या ब्रसेल्सच्या उच्चारात म्हणाल्या, "ये गं ब्लाउके, ये." आणि गेली की आत. सिरीलने तिच्या पायातलं रबरी कडं काढून वेळ नोंदवायला शर्यतीच्या घड्याळात घातलं. संध्याकाळी क्लबातून कळलं, पहिली. सगळ्या जिल्ह्यात पहिली. सिरील तिरीबाईंना म्हणाला, "तुम्ही पुढच्या रविवारी पण या." बाई रडल्या, मी केक कापला.

आता बिल्ल्याचं. सिरीलने शनिवारी जाताना तो यंत्रापुढे धरला होता. टीं. हिल्डा म्हणते, दिवसभराची हजेरी पूर्ण, पाच गुण डॉ. लीझलोट व्हेराख्तर्ट यांच्या नावावर जमा. मला नीतिमत्ता शिकवू नकोस, दाराशी बसवलेली मुलगी तुमची होती. पण ते गुण तुझे नाहीत. ते सिरीलने मिळवलेत, जागा राहून. तुला हवे असतील तर त्याच्याकडे माग.

बिल्ला या पत्रात घातलेला नाही. तो सिरीलच्या खोलीत खिळ्याला आहे. त्याने विचारलं, "लीझलोटला लागेल का?" मी म्हटलं, तिलाच विचार. तो म्हणाला, "ती कामात असेल."

म्हणून आता ऐक. या पत्राचं उत्तर मला नको, मी वाचणारही नाही. उत्तर सिरीलला लिहायचं, पाकिटावर त्याचं पूर्ण नाव. तुझ्या हाताने, शाईने, आणि पार्टीत त्या प्राध्यापकाला जे सांगायला हवं होतं ते त्यात एका ओळीत असलं पाहिजे. जागा कमी पडली असं म्हणू नकोस. तुझ्या सेक्रेटरीने टाईप केलेलं आलं तर ते मी ढाबळीत अंथरीन. रविवारच्या आत तूच लिहायचंस, दुसऱ्या कोणी नाही.